हसतंय कोण?

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आपल्या कॉलेजात एकच प्रश्न घुमत असतो : पॅकेज किती? म्हणून मीही पॅकेजपासूनच सुरुवात करतो. २००४ साली अमेरिकेतल्या कॉमेडी सेंट्रल या टीव्ही चॅनेलने तिशी नुकतीच ओलांडलेल्या एका विनोदवीराशी करार केला. रक्कम ५ कोटी डॉलर. त्या वेळच्या भावाने २०० कोटींच्या वर रुपये झाले. काम काय, तर जो कार्यक्रम तो आधीच करत होता, तोच आणखी दोन सीझन करायचा. आणि २००५ साली, तिसऱ्या सीझनचं काम अर्ध्यावर टाकून, हा माणूस फारसं कुणाला न सांगता विमानात बसला आणि थेट दक्षिण आफ्रिकेत जाऊन उतरला.

त्याचं नाव डेव्ह शपेल. हॉस्टेलवर निम्म्या लोकांच्या हार्डडिस्कमध्ये त्याचे कार्यक्रम आहेत. रात्री दोन वाजता सबमिशनचं जर्नल उतरवताना शेजारच्या खोलीतून जो हसण्याचा गडगडाट ऐकू येतो, त्यातला बराचसा त्याच्याच नावावर जमा आहे. पण हा माणूस पैसे सोडून का पळाला, हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं, "सटकली असेल यार त्याची."

तेव्हा अमेरिकेतही लोक असंच म्हणत होते. ड्रग्ज घेतो, डोकं फिरलंय, मानसोपचाराच्या दवाखान्यात भरती झालाय, अशा बातम्या उठल्या. यातलं काही खरं नाही, हे त्याने स्वतः 'टाइम' मासिकाला सांगितलं. आणि खरं कारण २००६ च्या सुरुवातीला ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात सांगितलं. ते कारण मला इतकं महत्त्वाचं वाटतं की हा अख्खा लेख त्यासाठीच लिहितोय.

झालं असं. एका स्केचमध्ये विमानात बसलेल्या एका काळ्या प्रवाशाला हवाई सुंदरी विचारते, चिकन की मासे? आता, काळे लोक तळलेल्या चिकनवर तुटून पडतात, ही अमेरिकेतली एक जुनी, घाणेरडी टिंगल. त्यामुळे हा बिचारा चारचौघांत चिकन मागायलाही कचरतो. तेवढ्यात एक चिमुकला भूतासारखा प्राणी प्रकट होतो आणि त्याला चिथावू लागतो, "घे चिकन, घे!" तो प्राणी झाला होता खुद्द शपेल, तोंडाला काळं फासून. तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करण्याचे खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी जोरात चालवले होते, त्याचाच तो संदर्भ. शपेलचा हेतू चांगला होता. चारचौघांच्या नजरेमुळे माणसाला साधं जेवणही धड जेवता येत नाही, त्या दडपणाची टिंगल त्याला करायची होती.

शूटिंग चालू असताना सेटवरचा एक गोरा माणूस हसला. मोठ्यांदा, आणि जरा जास्तच वेळ. शपेल म्हणतो, ते हसणं ऐकलं आणि मला अस्वस्थ वाटलं. हा माणूस माझ्याबरोबर हसत नाहीये, माझ्यावर हसतोय, असं त्याला जाणवलं. पळून जाण्याला इतरही कारणं होती : कामाचा ताण, आजूबाजूच्या माणसांवरचा उडालेला विश्वास. पण ते एक हसणं त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

मित्रांनो, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण पहिल्याच आठवड्यात शिकतो की काही राशी स्केलर असतात आणि काही व्हेक्टर. माझं म्हणणं एवढंच आहे की हशा ही व्हेक्टर राशी आहे आणि आपण सगळे तिला स्केलर समजून चालतो. आवाज किती आला, टाळ्या किती पडल्या, एवढंच मोजतो. दिशा कुठली, हे बघतच नाही. शपेलने दिशा बघितली आणि २०० कोटींवर पाणी सोडलं.

त्याला विनोदाची भीती वाटत होती, असं मात्र समजू नका. याच कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या भागात, जानेवारी २००३ मध्ये, त्याने क्लेटन बिग्ज्बी नावाचं एक पात्र रंगवलं होतं. हा एक आंधळा लेखक. काळ्यांचा कमालीचा द्वेष करणारा, गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वावर पुस्तकं लिहिणारा, पंथातल्या लोकांचा लाडका. गंमत एवढीच की तो स्वतः काळा असतो आणि हे त्याला माहीतच नसतं! अंधशाळेत तो एकटाच काळा मुलगा, त्यामुळे तू गोराच आहेस असं सांगून त्याला वाढवलेलं असतं. शेवटी भर सभेत तो तोंडावरचा बुरखा काढतो आणि भक्तमंडळींची पाचावर धारण बसते. कळस म्हणजे स्वतःचा रंग समजल्यावरही तो सुधारत नाही. बायकोला घटस्फोट देतो, कारण काय, तर तिने एका काळ्या माणसाशी लग्न केलं होतं!

या स्केचमध्येही काळ्यांबद्दलचे वाट्टेल ते शब्द आहेत. मग हे चालतं आणि ते चिकनवालं का खुपतं? माझ्या मते, बिग्ज्बीला हसताना आपण द्वेषाच्या मूर्खपणालाच हसतो, दुसरीकडे कुठे हसायला जागाच ठेवलेली नाही. चिकनच्या स्केचमध्ये मात्र एक पळवाट राहून गेली होती. दडपणाला हसायचं सोडून कुणी सरळ त्या काळं फासलेल्या तोंडालाच हसू शकत होता. आणि तसा एकजण हसलाच.

आता प्रश्न असा की एवढ्या पैशांसमोर हा माणूस डगमगला कसा नाही? याचं उत्तर त्याच्या घरात सापडतं. त्याची आई इव्हॉन सिऑन, प्राध्यापिका. तरुणपणी तिने काँगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्यासाठी काम केलेलं. वडील ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्ज या छोट्या गावी अँटिऑक कॉलेजात शिकवायचे. आईवडील विभक्त झालेले, पोराची ये-जा दोन्ही घरांमध्ये. चौदाव्या वर्षापासून तो वॉशिंग्टनच्या क्लबांमध्ये विनोद सांगायला लागला. या क्लबांत दारू मिळायची, एवढ्या लहान पोराला एकट्याला पाठवायचं कसं? म्हणून दिवसभर काम करून आलेली आई रात्री सोबत जायची. २०१९ मध्ये मार्क ट्वेन पुरस्कार घेताना त्याने आईची खूप आठवण काढली. पश्चिम आफ्रिकेत गावाच्या गोष्टी, वंशावळी तोंडपाठ ठेवणारा 'ग्रिओ' असतो, तो मेला की एक ग्रंथालय जळाल्यासारखं होतं, आणि तू तसा ग्रिओ हो, असं आईने लहानपणी सांगितलं होतं म्हणे. माझा मुलगा विनोद सांगतो, हे आपल्या घरी ऐकवायची सोय नाही. या आईने त्या धंद्याला एवढा मोठा वारसा जोडून दिला.

आणि वडील? 'इनसाइड द अ‍ॅक्टर्स स्टुडिओ' या कार्यक्रमात त्याने एक आठवण सांगितली आहे. मला हे क्षेत्र करायचंय, असं त्याने वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, जमेलच असं नाही. त्यावर पोरगं म्हणालं, तुम्ही शिक्षक म्हणून जेवढं कमावता तेवढं मी विनोद सांगून कमावलं तरी माझं भागलं. वडील हसले आणि म्हणाले, मग तुझी किंमत आत्ताच ठरवून ठेव. त्या किमतीपेक्षा जास्त मोजावं लागतंय असं दिसलं, की तिथून बाहेर पड.

हे वाक्य प्रत्येक प्लेसमेंट सेलच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. आपण सगळे आपल्याला मिळणारी किंमत विचारतो. आपल्याला मोजावी लागणारी किंमत कुठल्या कॅम्पस इंटरव्ह्यूत कुणी विचारतं का? वडील १९९८ मध्ये वारले. २००५ साली पोराने त्यांचं ऐकलं.

त्याच्या घराण्याची गोष्ट आणखी मागे जाते. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, शपेलने '८:४६' नावाचा साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. यलो स्प्रिंग्जच्या परिसरात, उघड्यावर, लांब लांब बसलेल्या प्रेक्षकांपुढे. पोलिसाने फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवला तो वेळ तेव्हा ८ मिनिटं ४६ सेकंद असा सांगितला जात होता. शपेल म्हणाला, हा आकडा माझ्या डोक्यातून जाणारच नाही, कारण माझ्या जन्मदाखल्यावर जन्मवेळ तीच आहे, ८:४६. मग तो आपल्या पणजोबांविषयी बोलला. विल्यम डेव्हिड शपेल, गुलाम म्हणून जन्मले, पुढे काळ्यांच्या चर्चचे बिशप झाले आणि काळ्यांचं शिष्टमंडळ घेऊन थेट व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष विल्सन यांच्यासमोर उभे राहिले. पणजोबा गुलाम आणि पणतू करोडपती, यात फक्त तीन पिढ्या आहेत. या अर्ध्या तासात विनोद जवळजवळ नाहीतच. पण विनोदवीराची ओळख कशाची बनलेली असते, हे त्यात उघड दिसतं.

हा अनुभव एकट्या शपेलचा असता तर मी त्याला अपवाद म्हटलं असतं. पण त्याच्या आधीचे सगळ्यात मोठे स्टँडअप, रिचर्ड प्रायर यांचंही हेच. १९४० साली इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात जन्म. आजी मरी कुंटणखाना चालवायची, आई तिथेच काम करायची आणि पोर आजीच्या धाकात तिथेच वाढलं. सुरुवातीला प्रायर गोऱ्या प्रेक्षकांना खपेल असा गुळगुळीत, सभ्य विनोद करायचे. नाव झालं, पैसा झाला. १९६७ मध्ये लास व्हेगासच्या एका मोठ्या हॉटेलात भरगच्च प्रेक्षागृहासमोर उभे असताना त्यांना वाटलं, मी इथे करतोय काय? आणि ते चक्क स्टेज सोडून चालते झाले. पुढे परत आले ते आजीच्या घरात पाहिलेली माणसं बरोबर घेऊन : दारुडे, दलाल, वेश्या, बाता मारणारे म्हातारे. त्यांचीच भाषा, त्यांचंच दुःख.

त्या भाषेत एक शब्द होता. गोऱ्या मालकांनी गुलामांना हाक मारायला वापरलेला, आजही अमेरिकेतली सगळ्यात जळजळीत शिवी. प्रायर यांनी तो शब्द ओढून आपल्या हातात घेतला. १९७४ च्या त्यांच्या ज्या अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्याच्या नावातच तो होता. पण १९७९ मध्ये ते केनियाला गेले. हॉटेलात बसले असताना भोवती बघितलं तर सगळीकडे काळी माणसं, सगळ्या प्रकारची कामं करणारी. त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्यांत त्या शब्दात बसणारा एकही माणूस आपल्याला दिसला नाही. त्यांनी तो शब्द सोडला आणि १९८२ च्या 'लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप' या चित्रपटात हे जाहीरपणे सांगितलं. ज्या शब्दावर कारकीर्द उभी राहिली तो शब्द हा माणूस खाली ठेवतो, ही साधी गोष्ट नाही.

तिसरं उदाहरण ख्रिस रॉक. १९९६ मध्ये त्याने एक तुकडा केला. काळ्या समाजातल्या सभ्य माणसांनी आपल्यातल्याच बेजबाबदार लोकांवर काढलेला राग, असं त्याचं स्वरूप. प्रचंड गाजला. नंतर त्याने तो करणं बंद केलं, कारण वंशद्वेष्ट्या लोकांना वाटायला लागलं की आता आपल्यालाही हे बोलायचा परवाना मिळाला. ज्यांनी 'द ऑफिस' बघितलंय त्यांना आठवेल : २००५ मधल्या 'डायव्हर्सिटी डे' या भागात मायकल स्कॉट साहेब ऑफिसात हाच तुकडा करून दाखवतात आणि कंपनीला त्यासाठी खास ट्रेनर बोलवावा लागतो. शब्द जवळपास तेच, फक्त तोंड बदललं आणि विनोदाचं वाटोळं झालं.

यावर हॉस्टेलच्या गच्चीवर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे. "विनोद म्हणजे विनोद, त्यात काय एवढं? मग ते स्वतः बोलतात ते चालतं आणि आम्ही बोललो की पाप?" प्रश्न वाजवी आहे, टाळण्यात अर्थ नाही. माझं उत्तर असं : आपल्या आजीच्या स्वयंपाकाला आपण नावं ठेवतो, शेजाऱ्याने ठेवली तर चालत नाही. कारण आपण नावं ठेवून पुन्हा त्याच ताटावर जेवायला बसणार असतो. प्रायर आजीच्या कुंटणखान्यावर हसवतात तेव्हा त्या घराचं दुःखही त्यांच्याच वाट्याचं असतं. बाहेरचा माणूस फक्त हशा घेऊन निघून जातो.

पण म्हणून आतल्या माणसाला सगळं माफ, असंही नाही. २०२१ मध्ये शपेलचा 'द क्लोजर' नेटफ्लिक्सवर आला. त्यातल्या ट्रान्सजेंडर लोकांवरच्या विनोदांवरून मोठा गदारोळ झाला, नेटफ्लिक्सचे काही कर्मचारी काम सोडून रस्त्यावर आले. त्याच्या बाजूने बोलणारेही भरपूर होते. माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्याचा पंखा आहे, तरीही मला त्या लोकांचा प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्यावर हसणारा तो माणूस नेमका कशाला हसतोय, हेच ते विचारत होते. २००५ मध्ये शपेलने विचारलेलाच हा प्रश्न. दुसऱ्याने आपल्याला विचारल्यावर तो एकदम खोटा ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांचं हे प्रकरण आपल्या मराठी विभागात कशाला? तर मराठी माणसाचं या विषयाशी नातं फार जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पणच केलं अमेरिकेत काळ्यांची गुलामगिरी उठवण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. समुद्रापलीकडच्या त्या माणसांत आपलं काहीतरी आहे, हे आपल्या माणसांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि आपल्या हॉस्टेलवर? फर्स्ट इयरला मला जे नाव पडलं ते वेस्ट इंडीजच्या एका फास्ट बोलरचं. मला बोलिंग येत नाही. वर्गात माझ्यापेक्षा बरी बोलिंग टाकणारी किमान चार गोरी मुलं होती, त्यांना ते नाव पडलं नाही. दुसऱ्या एका विंगमधल्या मुलाला सगळे सरळ 'निग्रो' म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांच्या लॅपटॉपवर शपेलचे चारही सीझन... माफ करा, त्याचे तीनच आहेत, चौथा झालाच नाही! तो मुलगाही हाकेला ओ देतो आणि हसतो. पण सेटवर शपेलही बराच काळ हसतच होता. माणूस हसतोय म्हणजे त्याला मान्य आहे, हे गृहीतक कुठल्याही लॅबमध्ये टिकणार नाही. सोळा जण हसत असताना सतराव्याला गंभीर राहण्याची किंमत फार मोठी पडते, म्हणून तोही हसतो.

पुढच्या महिन्यात गॅदरिंग आहे. फिशपाँडचा डबा मेसच्या दारात लागलाच आहे. फिशपाँड बंद करा, असं मी अजिबात म्हणणार नाही. ती आपल्या गॅदरिंगची जान आहे, आणि सर लोकांना वर्षातून एकदा तोंडावर चार शब्द ऐकवायची तीच एक अधिकृत सोय आहे. पण गेल्या वर्षी स्टेजवरून वाचल्या गेलेल्या चिठ्ठ्यांमध्ये किती रंगावर होत्या, किती गावाकडच्या बोलीवर आणि किती 'कोट्यातून आलेला' या एका शब्दावर, हे ज्यांनी ऐकलं त्यांना आठवत असेल. हशा दणदणीत होता. दिशा कुणी बघितली?

म्हणून फिशपाँड समितीपुढे माझी साधी सूचना आहे. प्रत्येक चिठ्ठी वाचण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, ही चिठ्ठी त्या माणसाने केलेल्या एखाद्या गोष्टीवर आहे, की तो जन्माला काय म्हणून आला यावर? लेक्चरला झोपणं, मेसमध्ये सहाव्यांदा गुलाबजाम मागणं, लेडीज हॉस्टेलच्या समोर रोज सायकल पंक्चर होणं, यावर खुशाल लिहा, धुऊन काढा. कातडीचा रंग, जात, गाव, आईबापांचा धंदा ही कुणाची करणी नाही, ते बाजूला ठेवा. दोन, ही चिठ्ठी लिहिणारा स्वतःचं नाव खाली घालून ती वाचायला तयार होईल का? नसेल तर तो नेमका कशाला घाबरतोय, हे त्याने आधी स्वतःला विचारावं.

एवढं करून फिशपाँड मिळमिळीत होतील, अशी भीती वाटते? मग विनोद अजून यायला हवा, एवढंच. रंगावर विनोद करायला अक्कल लागत नाही, रंग समोर दिसतच असतो. क्लेटन बिग्ज्बी सुचायला मात्र डोकं लागतं. आपण इंजिनीयरिंगला आलोय म्हणजे ते थोडंफार असावं, असा समज आहे.